जाणून घेण्याची किंमत

आपल्या वडीलधाऱ्या माणसांनी दोन रोगांना एकच नाव दिले होते. १९१८ साली घरेच्या घरे आडवी करणाऱ्या तापाला ती ‘मानमोडी’ म्हणत, आणि खुराड्यातील कोंबड्या माना मुरगळून पटापट मरू लागल्या म्हणजे त्यालाही मानमोडीच म्हणत. शास्त्राच्या दृष्टीने हे दोन रोग वेगळे आहेत. कोंबड्यांच्या मानमोडीला पशुवैद्य ‘राणीखेत’ म्हणतात आणि तिचा विषाणू इन्फ्लुएन्झाच्या कुळातला नाही. तरी माणसाचे दुखणे व पाखराचे दुखणे एका शब्दात बांधणाऱ्या त्या खेडवळ जिभेला काहीतरी उमगले होते, असे मला वाटते. कारण पुढे शास्त्रज्ञांनी जे दाखवून दिले ते हेच की, इन्फ्लुएन्झा हा मुळात पाखरांचा विषाणू आहे, आणि माणूस हा त्याच्या घरी नंतर आलेला पाहुणा आहे.

ह्या शोधाची हकिकत सांगितल्यावाचून मला वाचकांपुढे ठेवायचा आहे तो प्रश्न नीट मांडता येणार नाही. म्हणून आधी हकिकत.

१९१८ च्या जूनमध्ये ही साथ मुंबई बंदरात उतरली. पावसाळ्याअखेर तिची दुसरी लाट आली ती फार भयंकर होती. ६ ऑक्टोबर ह्या एकाच दिवशी मुंबई शहरात ७६८ मृत्यू नोंदले गेले. सबंध हिंदुस्थानात किती माणसे गेली ह्याविषयी अंदाज निरनिराळे आहेत. एक कोटी वीस लाखांपासून एक कोटी ऐंशी लाखांपर्यंत आकडे दिले जातात. १९११ ते १९२१ ह्या दहा वर्षांत देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली, आणि खानेसुमारी सुरू झाल्यापासून असे एकदाच घडले आहे.

त्याच वर्षीच्या शरद ऋतूत अमेरिकेतील आयोवा प्रांतात डुकरे खोकू लागली. तेथील जे. एस. कोएन नावाच्या पशुवैद्याने पाहिले की, ज्या घरात माणसे तापाने पडली आहेत त्याच घरचा डुकरांचा कळपही आजारी आहे. कधी आधी माणसे, कधी आधी जनावरे. त्याने डुकरांच्या रोगाला ‘फ्लू’ हेच नाव दिले. डुकरांचे मांस विकणाऱ्यांना हे मुळीच रुचले नाही, कारण नाव ऐकून गिऱ्हाईक पळेल. कोएनने माघार घेतली नाही. पुढे त्याच आयोवात जन्मलेल्या रिचर्ड शोप ह्या डॉक्टरने १९३१ साली सिद्ध केले की, डुकरांचा हा रोग गाळणीतूनही पार होणाऱ्या विषाणूपासून होतो. दोन वर्षांनी लंडनमध्ये विल्सन स्मिथ, क्रिस्टोफर अँड्र्यूज व पॅट्रिक लेडलॉ ह्या तिघांनी आजारी माणसाच्या घशातील द्रव फेरेटच्या नाकात घालून माणसाचा विषाणू मिळवला. फेरेट म्हणजे मुंगसाच्या अंगलटीचा एक लहानसा प्राणी. फ्लू झाला म्हणजे तो आपल्यासारखाच शिंकतो. १९३६ साली असाच एक फेरेट तेथील चार्ल्स स्टुअर्ट-हॅरिस ह्या तरुण डॉक्टरच्या तोंडावर शिंकला आणि डॉक्टर तापाने फणफणला. त्याच्या घशातून पुन्हा विषाणू मिळवण्यात आला. माणसाकडून जनावराकडे व जनावराकडून माणसाकडे, ही वाट एका शिंकेने उघडी झाली.

पाखरांचा दुवा जोडला तो मुख्यतः रॉबर्ट वेबस्टर ह्यांनी. मूळचे न्यूझीलंडचे हे शास्त्रज्ञ १९६७ च्या सुमारास आपले मित्र ग्रॅम लेव्हर ह्यांच्यासह ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर फिरत असता त्यांना वाळूवर मेलेले समुद्रपक्षी पडलेले दिसले. ही पाखरे फ्लूने मेली असतील काय, असा विचार त्यांच्या मनात आला. त्या एका शंकेपायी त्यांचे पुढचे सारे आयुष्य गेले. रानबदके व पाणपक्षी हेच ह्या विषाणूचे खरे घर आहे, हे त्यातून उघड झाले. बदकाच्या आतड्यात तो वाढतो, विष्ठेवाटे तळ्याच्या पाण्यात उतरतो, आणि बदक बहुधा खुशाल पोहत असते. तेथून तो कोंबडीत, डुकरात, कधी माणसात शिरतो व शिरताना आपले रूप पालटतो. २००५ साली चीनमधील छिंगहाय सरोवरावर हजारो रानपक्षी मेले. त्यांत सर्वांत जास्त पट्टकादंब हंस होते. हे हंस हिमालय ओलांडून हिवाळ्यात आपल्या कर्नाटकातही उतरतात. गदग जिल्ह्यातील मागडीचा तलाव त्यांच्यासाठी प्रसिद्ध आहे. आम्हा सीमाभागातील माणसांना कोगनोळीच्या नाक्यावर गाडी थांबवून कागद दाखवण्याची सवय आहे. हंसाला नाका लागत नाही.

आता प्रश्न.

१९९७ साली हाँगकाँगमध्ये एच५एन१ ह्या कोंबड्यांच्या विषाणूने अठरा माणसांना गाठले व सहा दगावली. शहरातील सुमारे पंधरा लाख कोंबड्या मारून टाकल्यावर ते थांबले. पण विषाणू संपला नव्हता. २००३ पासून जगात नऊशेहून अधिक माणसांना तो झाल्याची नोंद आहे आणि त्यांतील जवळजवळ निम्मी मरण पावली. सुदैवाची एकच गोष्ट अशी की, तो कोंबडीकडून माणसाला होतो, पण माणसाकडून माणसाला सहज होत नाही. ही एक भिंत शाबूत आहे म्हणून आपण निर्धास्त झोपतो. भिंत कधी पडेल काय? हे कळावे म्हणून हॉलंडमधील रॉटरडॅमचे रॉन फुशिए आणि अमेरिकेतील विस्कॉन्सिनचे योशिहिरो कावाओका ह्यांनी, वेगवेगळ्या रीतींनी, प्रयोगशाळेत ती भिंत स्वतःच पाडून पाहिली. फुशिए ह्यांनी विषाणूत थोडे बदल केले व तो एका फेरेटकडून दुसऱ्याकडे असा दहा वेळा नेला. शेवटी तो शेजारच्या पिंजऱ्यातील फेरेटला हवेतून होऊ लागला. २०११ च्या अखेरीस ही वार्ता फुटली आणि जगभर गदारोळ झाला. अमेरिकन सरकारच्या सल्लागार मंडळाने प्रथम सांगितले की, प्रयोगाचा तपशील छापू नये. शास्त्रज्ञांनी आपण होऊन काही काळ काम थांबवले. तो काळ वर्षभर लांबला. अखेर २०१२ च्या मे व जून महिन्यांत दोन्ही निबंध छापून आले.

आमच्या तरुण संघात ह्या विषयावर बोलणे चालले असता बेळगावच्या एका महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलाने विचारले, “रोग थांबवण्यासाठी आधी रोग तयार करणे, हे पाप नव्हे काय?” प्रश्न सरळ आहे, आणि त्याला ‘हो’ किंवा ‘नाही’ असे उत्तर देऊन मोकळे होण्याचा मोह मोठा आहे.

कित्येक भाविक माणसे म्हणतात की, देवाने झाकून ठेवलेले उघडू नये. मला हे पटत नाही. कोएनवर रागावलेल्या व्यापाऱ्यांचेही म्हणणे एवढेच होते की, झाकलेले झाकलेलेच राहू द्या. न जाणण्याचीही किंमत असते, आणि ती आपल्या पूर्वजांनी १९१८ साली मोजली. त्या वेळी रोगाचे बीज कोणते हे कोणालाच ठाऊक नव्हते. चांगले चांगले डॉक्टर एका जंतूला दोष देत होते, आणि तो जंतू निर्दोष निघाला. तेव्हा अज्ञान म्हणजे नम्रता नव्हे. फुशिए व कावाओका ह्यांच्या प्रयोगांतून हाती काही लागले हेही कबूल केले पाहिजे. ती भिंत पडू शकते, हे कळले. विषाणूतील कोणत्या बदलांकडे डोळ्यांत तेल घालून पाहावे, तेही काही अंशी कळले.

पण दुसऱ्या बाजूचे वजनही कमी नाही. १९७७ साली जगात एक फ्लू आला व त्याने विशेषकरून पंचविशीच्या आतील मुलांना गाठले. त्याचा विषाणू पाहतात तो १९५० च्या सुमारास फिरत असलेल्या विषाणूशी जवळजवळ तंतोतंत जुळणारा. सत्तावीस वर्षे निसर्गात राहिलेला विषाणू इतका न बदलता राहत नाही. तो कोणाच्या तरी शीतपेटीतून, प्रयोगातून किंवा लस तयार करण्याच्या खटपटीतून सुटला असावा, असे बहुतेक जाणकारांचे मत आहे. २०१४ साली अमेरिकेच्या सर्वांत नावाजलेल्या रोगनियंत्रण केंद्रातून दुसऱ्या प्रयोगशाळेला कोंबड्यांच्या सौम्य फ्लूचा नमुना म्हणून जो पाठवला गेला, त्यात घातक एच५एन१ मिसळला होता. तेथील कोंबड्या मेल्या तेव्हा चूक ध्यानात आली. त्या केंद्रातील माणसे आळशी वा दुष्ट होती असे कोणी म्हणत नाही. हेतू शुद्ध असतो, पण नळी हेतूच्या हातात नसते. ती बोटांच्या हातात असते, आणि बोटे दमतात.

तर मग निवाडा कसा करावा? माझ्या मते प्रश्न ज्ञानाचा नाही, शेजाऱ्याचा आहे. स्टुअर्ट-हॅरिसच्या तोंडावर फेरेट शिंकला तेव्हा पहिला धोका त्याने स्वतः पत्करला होता. डॉक्टराने स्वतःच्या अंगावर जोखीम घेतली तर आपण त्याला नमस्कार करतो. पण हवेतून पसरणारा विषाणू नळीत धरून बसलेला शास्त्रज्ञ एकट्या स्वतःची जोखीम घेत नाही. रॉटरडॅमच्या रस्त्यावरून दूध आणायला निघालेली बाई त्या पैजेत सामील आहे, तिला कोणी विचारलेले नाही. आणि आज विमाने आहेत म्हणून काकतीची बाईही सामील आहे. सल्लागार मंडळाने छापावे की छापू नये ह्याचा काथ्याकूट केला खरा. परंतु तोवर विषाणू तयार होऊन फडताळात बसला होता. घर बांधून झाल्यावर शेजाऱ्याला विचारायला जाणे, ह्याला संमती म्हणत नाहीत.

येथे मला योहान हुल्टिन ह्यांची गोष्ट आठवते. अलास्काच्या बर्फाळ किनाऱ्यावर ब्रेव्हिग मिशन नावाचे एस्किमो लोकांचे लहानसे गाव आहे. लुथरन मिशनरी टोलेफ ब्रेव्हिग ह्यांच्यावरून ते नाव पडले. १९१८ च्या नोव्हेंबरात पाच दिवसांत तेथील ऐंशी प्रौढांपैकी बहात्तर मरण पावले. त्यांना एकाच मोठ्या खड्ड्यात पुरून वर क्रूस लावले होते. खालची जमीन बारमाही गोठलेली. स्वीडनहून शिकायला आलेले हुल्टिन १९५१ साली तेथे गेले, ह्या आशेने की बर्फात टिकलेल्या फुप्फुसांत विषाणू सापडेल. त्यांनी आधी गावच्या वडीलधाऱ्यांना गाठले, काय करायचे आहे व कशासाठी, ते सांगितले, आणि परवानगी मिळाल्यावरच फावडे लावले. तेव्हा हाती काही आले नाही. शेहेचाळीस वर्षांनी, १९९७ मध्ये, बहात्तर वर्षांचे हुल्टिन स्वतःच्या पैशाने पुन्हा त्याच गावी गेले, पुन्हा ग्रामसभेला विचारले, पुन्हा संमती घेतली. ह्या वेळी एका स्थूल स्त्रीची फुप्फुसे चरबीमुळे टिकलेली मिळाली. निघण्यापूर्वी त्यांनी जुन्या, कुजून गेलेल्या क्रूसांच्या जागी दोन नवे मोठे लाकडी क्रूस तयार करून उभे केले. त्या फुप्फुसांतील धागेदोरे जेफ्री टॉबेनबर्गर ह्यांनी जुळवले, आणि २००५ साली अमेरिकेतील अटलांटा येथे १९१८ चा विषाणू पुन्हा जिवंत करण्यात आला.

ह्या गोष्टीचा शेवट मला अडचणीत टाकतो, हे वाचकांच्या ध्यानात आलेच असेल. एवढ्या अदबीने सुरू झालेल्या कामाचा शेवटही एक मेलेला मारेकरी उठवण्यात झाला. गावाने कबर उघडायला संमती दिली होती. विषाणू उठवायला दिली होती काय? त्याची जोखीम त्या गावाची एकट्याची नव्हती, म्हणून ती परवानगी त्या गावाने एकट्याने देण्यासारखीही नव्हती. तरी हुल्टिन ह्यांच्या वागण्यातून एक आक्षेप निकालात निघतो. लोक म्हणतात, सामान्य माणसाला ह्यातले काय कळते? ब्रेव्हिग मिशनच्या शिकाऱ्यांना व कोळ्यांना विषाणूशास्त्र येत नव्हते. पण आपल्याकडे काय मागितले जात आहे, कोणासाठी, आणि त्यात आपले काय जाणार आहे, हे त्यांना कळले. समजावून सांगणाऱ्याला समजावण्याची इच्छा असली म्हणजे पुष्कळ कळते.

साऱ्या जगाला विचारता येत नाही हे खरे. म्हणून निदान एवढे व्हावे की, असे काम करावे किंवा नाही हे काम सुरू होण्यापूर्वी ठरावे, आणि ज्यांना त्यातून नाव वा पैसा मिळायचा नाही अशांनी ते ठरवावे. तेच ज्ञान कमी धोक्याच्या वाटेने मिळत असेल तर लांबची वाट धरावी. वेबस्टर ह्यांनी आयुष्यभर बदकांची विष्ठा गोळा केली. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने २०१९ साली मेळघाटातील एका लहान मुलाच्या घशातील नमुन्यात एच९एन२ हा कोंबड्यांचा फ्लू ओळखला. हे काम वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर येत नाही, आणि त्याने कोणाचाही शेजारी धोक्यात येत नाही. माझे मत त्या कामाच्या बाजूचे आहे.

इथवरचे बोलणे परदेशच्या प्रयोगशाळांचे झाले. पण जाणून घेण्याची किंमत दुसऱ्या एका जागी आपल्या डोळ्यांदेखत मोजली जाते, तिच्याविषयी मात्र आपल्या सभांतून फारसे कोणी बोलत नाही.

१८ फेब्रुवारी २००६ रोजी नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे कोंबड्यांना एच५एन१ झाल्याचे जाहीर झाले. भारतातील ही पहिली नोंद. निदान भोपाळच्या पशुरोग प्रयोगशाळेने केले. तोवर तेथील लोक ह्या मरीला राणीखेत, म्हणजे आपली मानमोडीच, समजत होते. नवापूरही आपल्यासारखेच सीमेवरचे. तेथील रेल्वे स्थानक अर्धे महाराष्ट्रात व अर्धे गुजरातेत आहे. निदान होताच पांढरे अंगरखे घातलेली माणसे आली. मोठ्या शेडमधील कोंबड्या मारल्या, आणि आजूबाजूच्या पाड्यांवरच्या आदिवासींच्या परसातील कोंबड्याही मारल्या. सीमेपलीकडे उच्छलकडेही तेच झाले. लाखो पक्षी खड्ड्यांत गेले. माणसांची तपासणी झाली, व त्या साथीत एकाही माणसाला रोग झाल्याचे आढळले नाही. ते कोंबड्या मारल्यामुळेच टळले की आपोआप टळले, हे सिद्ध करता येत नाही. पण मारणे चुकीचे होते असे मी म्हणणार नाही. हाँगकाँगचा धडा ताजा होता. २०२१ साली दिल्लीत हरियाणातील एक मुलगा ह्याच रोगाने मरण पावला. २०२४ च्या डिसेंबरात नागपूरच्या गोरेवाड्याला तीन वाघ व एक बिबट्या गेले, आणि पुढच्याच महिन्यात उदगीरला कावळे पटापट पडले. भीती खोटी नाही.

परंतु कोंबडी कोणाची होती, हेही पाहू या. मोठ्या शेडवाल्याला बँक आहे, संघटना आहे. पाड्यावरच्या बाईची चार कोंबड्यांची मालमत्ता म्हणजे मुलाची वही, डॉक्टरची फी आणि पाहुणा आला तर घराची अब्रू. नाथानाने दाविदाला सांगितलेल्या गोष्टीतील त्या गरिबाची एकुलती मेंढी आठवावी. फरक एवढाच की, येथे धनवंताने ती मेजवानीसाठी नेली नाही. साऱ्या जगाच्या आरोग्यासाठी नेली, त्यात तिचेही आरोग्य आले. कारण चांगले असले तरी मेंढी गेली ती तिचीच. ज्या धोक्यापासून पुणे, मुंबई, लंडन वाचणार, त्याची वर्गणी नवापूरच्या पाड्याकडून घेतली गेली.

ज्ञान अर्धे कानावर पडले म्हणजे काय होते, तेही सांगतो. २००९ साली ‘स्वाइन फ्लू’ आला. त्याच्या विषाणूचे कूळ डुकरांतले होते हे खरे, पण पसरत होता तो माणसाकडून माणसाला. पुण्यात ऑगस्ट महिन्यात देशातील पहिला बळी गेला, तेव्हा तोंडाला रुमाल बांधून फिरणारे शहर आपण पाहिले. त्याआधीच, त्या वसंतात, ईजिप्तच्या सरकारने देशातील सुमारे तीन लाख डुकरे मारण्याचा हुकूम काढला. ती डुकरे आजारी नव्हती. ती पाळणारे होते कैरो शहराचा कचरा उचलणारे गरीब कॉप्टिक ख्रिस्ती. उरलेसुरले अन्न डुकरांना घालून ते पोट भरत. डुकरे गेली, आणि काही महिन्यांत कैरोच्या रस्त्यांवर कुजक्या अन्नाचे ढीग साचले. शास्त्रज्ञांनी असे करायला सांगितले नव्हते. त्यांचा एक शब्द मात्र उचलला गेला, आणि तो ज्यांना समाजात कोणी वाली नव्हता त्यांच्या डोक्यावर पडला. गंमत अशी की, डुकराने माणसाला फ्लू दिला असे आपण म्हणतो, आणि १९१८ मध्ये बहुधा माणसानेच तो डुकराला दिला, असे आज बहुतेक संशोधक मानतात. डुकराने त्याला ‘मनुष्य फ्लू’ असे नाव दिले नाही, एवढेच.

आमच्या काकतीवरून पुणे-बंगळूर महामार्ग जातो. रात्री त्यावरून कोंबड्यांच्या पिंजऱ्यांनी भरलेल्या गाड्या दोन्ही दिशांना धावत असतात. रोग कोठे आहे हे शास्त्रज्ञाला सर्वांत आधी कळते ते प्रयोगशाळेत नव्हे. कोणा बाईने सकाळी खुराडे उघडले, दोन कोंबड्या मेलेल्या पाहिल्या आणि ती गुरांच्या दवाखान्यात सांगायला गेली, तर कळते. साऱ्या शोधाची पहिली कडी तिच्या हातात आहे. ती सांगायला जाईल की नाही, हे तिच्या सुशिक्षितपणावर फारसे अवलंबून नाही. सांगितल्यावर तिचे काय होते, ह्यावर ते अवलंबून आहे. मारलेल्या पक्ष्यांची भरपाई निम्मी केंद्र सरकार व निम्मी राज्य सरकार देते. पक्ष्याच्या प्रकाराप्रमाणे व वयाप्रमाणे दर ठरलेले असतात. ती रक्कम रास्त असली व कोंबडी खड्ड्यात जाण्याआधी हातात पडली, तर ती बाई दवाखान्यात जाते. नाहीतर उरलेल्या कोंबड्या रात्रीच पोत्यात भरून माहेरच्या गावी पोचतात, आणि सकाळी पशुवैद्य येतात तेव्हा खुराडे झाडून स्वच्छ केलेले असते.